घराण्यातले वजन, घराण्यातला दमा

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता सिल्लोड मागे टाकतो, अजिंठ्याचा घाट उतरतो आणि फर्दापूरला येतो. लेणी पाहायला आलेल्यांना हे गाव टी-पॉइंटवरच्या बसमुळे आणि दुकानांच्या रांगांमुळे माहीत असते. सोयगाव तालुक्याचा बाकीचा जीव मात्र कापसात आणि मक्यात गुंतलेला आहे. अशा गावात एखाद्या घरातली आई, मावशी आणि थोरली लेक तिघीही अंगाने स्थूल असल्या आणि चढ चढताना तिघींचीही छाती वाजत असली, तर शेजारपाजारचे निदान ठरलेले असते : ‘त्यांच्या घराण्यातच आहे.’ असेच निदान पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींतही ऐकू येते, आणि डॉक्टरांच्या तोंडूनही. त्यात तथ्य आहे. पण ते कोणत्या प्रकारचे तथ्य आहे, हे नीट पाहिले नाही तर त्याचा अर्थ ‘आता इलाज नाही’ असा लावला जातो, आणि तिथे माणसाचे नुकसान सुरू होते. लठ्ठपणा आणि दमा या दोघांना थेट बांधणारा समाईक जनुकीय वारसा छोटा आहे. मोठा भाग दुसऱ्या वाटेने येतो : जनुके चरबीकडे कल देतात, आणि ती चरबी विशिष्ट प्रकारच्या दम्याला जन्म देते. या साखळीतली मधली कडी बदलता येण्याजोगी आहे, आणि आपल्याकडे ती अनेकदा वजनकाट्यावर दिसतच नाही, हे मला या प्रकरणात दाखवायचे आहे.

आधी संबंध खरोखर आहे का, ते पाहू. दोन आजार एकाच माणसात दिसले म्हणजे ते नात्यातले असतात असे नाही. दोन्ही पुष्कळ लोकांना होत असतील तर योगायोगानेही ते एकत्र येतील. भारतात २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्यामुळे काही दमेकरी स्थूल असणारच. योगायोग वगळायचा तर आधी निरोगी असलेल्या माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. अमेरिकेत जवळजवळ ८६ हजार परिचारिकांचा असा पाठपुरावा झाला आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला ज्यांना दमा नव्हता त्यांच्यात, वजन जितके अधिक तितका पुढे दमा होण्याचा धोका अधिक निघाला. लठ्ठ गटात तो सामान्य वजनाच्या गटाच्या अडीचपटींहून जास्त होता. पुढे २००७ साली अशा अनेक अभ्यासांचे, म्हणजे तीन लाख तेहतीस हजारांहून अधिक माणसांचे, आकडे एकत्र मांडले गेले. लठ्ठ माणसांत नव्याने दमा होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली, आणि वजनाच्या पायऱ्यांबरोबर धोकाही पायरी-पायरीने चढत गेला. कारण आणि परिणाम यांच्यात नाते असले की असा चढ दिसतो. योगायोगात तो दिसायचे कारण नाही.

मग हे नाते रक्तातून येते का? या प्रश्नाला हात घालण्याचा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे जुळी भावंडे. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुके तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांची, इतर भावंडांप्रमाणे, सरासरी निम्मी. घर, ताट आणि हवा दोघांची सारखीच. त्यामुळे एखादी गोष्ट एकबीज जुळ्यांत जास्त जुळून येत असेल तर ते जास्तीचे जुळणे जनुकांच्या नावावर मांडता येते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नोंदवहीतल्या सुमारे १४०० जुळ्या जोड्यांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दम्याच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकाचा ५३ टक्के आणि लठ्ठपणाच्या बाबतीत ७७ टक्के भाग जनुकांकडे गेला. म्हणजे दोन्ही गोष्टी ‘घराण्यातल्या’ आहेत, हे लोकांचे निरीक्षण खोटे नाही. पण त्याच अभ्यासातला तिसरा आकडा सगळ्यात बोलका आहे आणि तोच सहसा सांगितला जात नाही : लठ्ठपणाच्या जनुकीय भागापैकी जेमतेम ८ टक्के भाग दम्याशी समाईक निघाला. दोन्हींचा वारसा भक्कम, पण दोघांचा सामायिक सातबारा लहानसा.

हे ८ टक्के कुठे लपले आहेत, याचा शोध सुरुवातीला अंदाजाने घेतला गेला. संशोधकांची नजर पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाकडे गेली, आणि ती जाणे स्वाभाविक होते. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या ज्या ग्राहक रेणूला चिकटून ती मोकळी करते, तो रेणू घडवणारे हे जनुक. तोच ग्राहक चरबीच्या पेशींवरही असतो आणि तिथे साठलेली चरबी वितळवण्याचा हुकूम देतो. एकाच रेणूत बिघाड झाला तर श्वासही अडेल आणि चरबीही साठेल, ही कल्पना इतकी सुबक होती की तिच्यावर बरीच वर्षे खर्ची पडली. लहान लहान अभ्यासांतून उलटसुलट उत्तरे येत राहिली. मग २००७ च्या सुमारास अंदाज बाजूला ठेवून संपूर्ण जनुकसंच चाळण्याची पद्धत हाताशी आली आणि चित्र बदलले. त्या वर्षी लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याचा ठळक दुवा सतराव्या गुणसूत्रावर सापडला. लठ्ठपणाचा ठळक दुवा, एफटीओ नावाचे जनुक, सोळाव्यावर. एफटीओचा धोक्याचा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेली माणसे अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो वजनदार निघाली. दोन आजारांचे दोन मोठे दुवे दोन वेगळ्या ठिकाणी. जुळ्यांच्या अभ्यासाने जे आकड्यात सांगितले होते तेच हे होते.

तरीही समाईक जागा आहेत, आणि त्यांतली एक फार लक्षवेधी आहे. सोळाव्याच गुणसूत्रावर, पण एफटीओपासून दूर, दुसऱ्या भुजेवर, सुमारे साडेचार लाख अक्षरांचा एक तुकडा काही माणसांत उलटा बसलेला असतो. अक्षरे तीच, क्रम उलटा. हा उलटा तुकडा बाळगणाऱ्यांना लठ्ठपणा आणि दमा एकत्र होण्यापासून संरक्षण मिळते, असे २०१४ साली दाखवले गेले. त्या तुकड्यात राहणाऱ्या जनुकांची कामे पाहिली तर हे पटते : एक जनुक भूक आणि इन्सुलिन यांचे संदेश पेशीत पोचवते, दुसरे प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवर घालणारा रेणू बनवते, तिसरे पेशीच्या ऊर्जाकेंद्राला लागते. याच भागाजवळचा एक तुकडा जन्मतः गळालेला असला तर मुलांना अगदी लहान वयात तीव्र लठ्ठपणा येतो, हेही माहीत आहे. मात्र या उलट्या तुकड्याचे प्रमाण जगभर सारखे नाही. पूर्व आफ्रिकेत ते दहा टक्क्यांच्या आसपास आहे, तर उत्तर युरोपात जवळपास निम्मे. जनुकांवरून सांगितलेली कोणतीही गोष्ट एका लोकसमूहातून उचलून दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते.

सामायिक वारसा इतका छोटा असेल, तर स्थूल माणसांत दमा दुपटीने का? इथे जनुकशास्त्राने एक वेगळीच युक्ती दिली. आई-वडिलांच्या जनुकांची वाटणी गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. कोणाला वजन वाढवणारे प्रकार जास्त मिळतील आणि कोणाला कमी, यावर घरच्या उत्पन्नाचा, चुलीच्या धुराचा किंवा आईच्या व्यवसायाचा प्रभाव नसतो. तेव्हा ज्या मुलांच्या वाट्याला वजनाकडे नेणारे प्रकार जास्त आले त्यांच्यात पुढे दमाही जास्त दिसला, तर वजनानेच दमा आणला असे म्हणण्याला बळ येते. कारण त्या प्रकारांचा दम्याशी स्वतंत्र संबंध फारसा नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या ४,८३५ मुलांवर वजनाशी जोडलेल्या ३२ जनुकीय प्रकारांची अशी बेरीज करून पाहिली गेली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, जनुकांमुळे एका अंकाने जास्त असेल तर साडेसात वर्षांच्या वयात दमा असण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि ही वाढ सगळ्या दम्यांत सारखी नव्हती. ॲलर्जी नसलेल्या दम्यात ती ९० टक्के होती. धूळ, परागकण यांच्या ॲलर्जीच्या दम्यात बरीच कमी आणि आकडेशास्त्राच्या कसोटीवर अनिश्चित. पुढे ब्रिटनच्या बायोबँकेतल्या लाखो प्रौढांच्या माहितीतूनही हाच कल दिसला : लठ्ठपणाशी जनुकीय जवळीक आहे ती मुख्यतः उशिरा सुरू होणाऱ्या, ॲलर्जी नसलेल्या दम्याची. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातला कळीचा शोध हाच. दमा ही एक व्याधी नसून अनेक व्याधींचे एकत्र कुटुंब आहे, आणि लठ्ठपणाची सोयरीक त्यातल्या एकाच घराशी पक्की आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो योग्यच आहे : दमेकऱ्याला धावता येत नाही, खेळता येत नाही, स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणून तोच जाड होतो, तुम्ही घोडा गाडीमागे जोडता आहात. ही उलटी वाटही थोडीफार खरी आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या २,१७१ शाळकरी मुलांत, दमा असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याचा धोका ५१ टक्के जास्त निघाला. पण याच अभ्यासात तातडीचा पंप वापरणाऱ्या मुलांत तो धोका कमी होता. म्हणजे मुलाला लठ्ठ करण्यात उपचार न झालेल्या दम्याचा वाटा असू शकतो. आणि जनुकीय चिठ्ठ्यांची तीच युक्ती उलटी लावून, दम्याकडे नेणाऱ्या प्रकारांनी वजन वाढते का, हे तपासल्यावर पुरावा अगदीच दुबळा मिळाला. रस्ता दुहेरी असला तरी वाहतूक बहुतांशी एकाच बाजूने आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जाड माणसाला धाप लागतेच. त्या धापेलाच डॉक्टर दमा म्हणत असतील तर हे सगळे आकडे निदानाच्या चुकीवर उभे आहेत. कॅनडात दमा असल्याचे सांगितल्या गेलेल्या प्रौढांची फुंकण्याच्या यंत्रावर, म्हणजे स्पायरोमीटरवर, नीट तपासणी झाली. लठ्ठ गटातल्या ३१.८ टक्के लोकांना मुळात दमा नव्हताच. पण लठ्ठ नसलेल्या गटातही हे प्रमाण २८.७ टक्के होते. चुकीचे निदान पुष्कळ होते हे खरे, पण ते दोन्हीकडे जवळपास सारखे होते, म्हणून दोघांमधला फरक त्याने पुसला जात नाही. हा अभ्यास आपल्याकडच्या दवाखान्यांनी मनावर घ्यावा असे मला फार वाटते. तालुक्याच्या ठिकाणी स्पायरोमीटरवर फुंकायला न लावता वर्षानुवर्षे दम्याची औषधे दिली जातात, आणि खरे दुखणे हृदयाचे, रक्तक्षयाचे किंवा चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुफ्फुसांचे असू शकते.

चरबी श्वासापर्यंत पोचते कशी, हे आता बरेच उलगडले आहे. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुफ्फुस पूर्ण फुगत नाही, आणि आखडून राहिलेल्या बारीक श्वासनलिका लवकर मिटतात. पण हे केवळ ओझ्याचे काम नाही. चरबीची पेशी ग्रंथीसारखी वागते : लेप्टिन आणि सूज वाढवणारे रेणू रक्तात सोडते. त्यामुळे या दम्यात श्वासनलिकेची सूज वेगळ्या जातीची असते, आणि ॲलर्जीच्या दम्यावर उत्तम चालणारे स्टेरॉइडचे पंप इथे तुलनेने कमी परिणाम करतात. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत उंदरांना साखरेचा आणि चरबीचा अतिरेक असलेला आहार दिला, तेव्हा चयापचय बिघडण्याबरोबर त्यांच्या फुफ्फुसांतही दम्यासारखे बदल दिसले. ॲलर्जीची गरज पडली नाही. ऑस्ट्रेलियात ५२ मृत व्यक्तींच्या फुफ्फुसांचे छेद तपासले, तेव्हा श्वासनलिकेच्या भिंतीतच चरबीच्या पेशी साठलेल्या आढळल्या, आणि बीएमआय जितका जास्त तितक्या त्या जास्त होत्या. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरले तर काय होते, याचे उत्तर फिनलंडमधून २००० सालीच आले होते : ३८ स्थूल दमेकऱ्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला, त्यांचे वजन सरासरी साडेचौदा टक्के घटले, आणि वर्षानंतरही त्यांचा श्वास दुसऱ्या निम्म्यांपेक्षा चांगला होता. जनुके दोन्ही वेळेला तीच होती.

आता तिसरा आक्षेप, जो मराठवाड्यातून आणि खानदेशातून हमखास येईल : आमच्याकडचे दमेकरी तर काटकुळे असतात. बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या प्रौढांमधले दम्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के आढळले, आणि हे सगळे काही लठ्ठ नव्हते. लहानपणापासूनचा ॲलर्जीचा बाळदमा वजन पाहून येत नाही, हे वर आलेच आहे. पण ‘काटकुळा’ हा शब्द उच्चारण्याआधी पुण्यात झालेल्या कामाकडे पाहायला हवे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. बारीक दिसणारे बाळ चरबीच्या हिशोबात बारीक नव्हते. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ज्या निर्देशांकावर जगभरचे लठ्ठपणा-दमा संशोधन उभे आहे, त्याच्या दृष्टीने ही दोन माणसे एकसारखी आहेत. एफटीओ जनुकाचेही तसेच. पुणे आणि म्हैसूरच्या लोकांमध्ये २००९ साली तपासल्यावर मधुमेहाशी त्याचा संबंध निघाला, आणि युरोपात तो बीएमआयने समजावता येतो, तसा इथे पूर्णपणे समजावता आला नाही.

याचा दम्याच्या प्रश्नाशी संबंध असा : दम्याला खतपाणी घालणारी गोष्ट चरबी आणि बिघडलेले चयापचय असेल, तर वजनकाट्यावर ‘ठीक’ दिसणारी, पोट मात्र सुटलेली फर्दापूरची बाई पाश्चात्त्य मोजपट्टीत निरोगी ठरेल आणि तिच्या श्वासाचे खरे कारण नजरेआड होईल. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वरचा बीएमआय जास्त आणि २५ च्या वरचा लठ्ठ धरावा, पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत असावा, असे भारतीय तज्ज्ञांनी ठरवले आहे. शिवण्याची टेप प्रत्येक गावात असते. घेर मोजायला तेवढे पुरते, आणि माझ्या मते वजनकाट्याआधी तीच हातात घ्यावी.

राहिला प्रश्न घराण्याचा. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या जे चालते ते सगळे जनुकांतून येत नाही. चूल वारशाने येते, ताट वारशाने येते, आणि आईचे पोषण गर्भात येते. पुण्याच्या त्याच गावांत, गरोदरपणी ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात चरबी आणि इन्सुलिनला होणारा विरोध जास्त आढळला. जनुकांची अक्षरे न बदलता ती कोणती वाचली जावीत हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणांना हीच जीवनसत्त्वे लागतात. कमी वजनाच्या बाळाचे फुफ्फुसही पुढे अनेकदा उणे पडते. त्यात स्वयंपाकघरातल्या काटक्या-गोवऱ्यांचा धूर मिसळला की श्वासाचे भांडवल लहानपणीच कमी होते. अशा मुलीच्या अंगावर तिशीत चरबी चढली तर तिला दोन्ही बाजूंनी तोटा. तिच्या आजीपासून हे चालत आले असेल तर शेजारी ‘घराण्यातच आहे’ म्हणणार. मात्र त्या वारशातला बराच भाग धान्याच्या कणगीत आणि चुलीच्या धुरात सापडेल, गुणसूत्रांत नव्हे.

तेव्हा अशा घरातल्या तिघींसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. स्पायरोमीटरवर फुंकून निदान पक्के करणे. दमा कधी सुरू झाला, शिंका-खाज यांची जोड आहे का, हे विचारून तो कोणत्या घरचा ते ओळखणे. कमरेचा घेर आणि रक्तातली साखर पाहणे. वजन उतरवायचे म्हणून पंप बंद करणे हा घातक प्रकार आहे. पंपाची सवय लागते हा समज अजून घट्ट आहे, आणि लग्नाच्या मुलीचा पंप लपवला जातो; पण पंपाने श्वास मोकळा राहिला तरच ती चालू शकेल, शेतात वाकू शकेल आणि वजन उतरवू शकेल. पुढच्या पिढीसाठीचे काम पुण्याच्या त्या गावांत २०१२ मध्ये सुरू झाले : १९९३ नंतर पाहणीत जन्मलेल्या मुलामुलींना, त्यांची लग्ने आणि बाळंतपणे होण्याआधीच, बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग. त्यांना झालेल्या बाळांचे मोजमाप आता त्याच वहीत होते आहे, जिथे त्यांच्या आज्यांचे झाले होते.